रिडन्डंट की कॉन्फ्लिक्टिंग? स्केच अडलं की आधी हे ओळखा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या शेडमध्ये नवीन लागलेला डिप्लोमावाला असो की खानापूरकडून रोज बसने येणारा आयटीआयचा पोरगा, प्रश्न ठरलेला असतो: "सर, स्केच ओव्हर-कन्स्ट्रेन्ड दाखवतंय, काय करू?" कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करताना, स्केच म्हणजे भागाची रेषांची आकृती आणि कन्स्ट्रेंट म्हणजे तिला घातलेली अट किंवा माप. अटी गरजेपेक्षा जास्त झाल्या की सॉफ्टवेअर हा इशारा देतं. उत्तरही त्यानं बहुतेक वेळा स्वतःच काढलेलं असतं. शेवटी दिलेलं कन्स्ट्रेंट पुसायचं, स्केच हिरवं झालं की पुढे जायचं. ही सवय मोडावी असं मला मनापासून वाटतं. त्या एका इशाऱ्याखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात. रिडन्डंटमध्ये आधी सांगितलेलंच पुन्हा सांगितलेलं असतं. कॉन्फ्लिक्टिंगमध्ये सांगितलेल्या गोष्टी एका वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. पहिलीत एखादं कन्स्ट्रेंट पुसून चालतं. दुसरीत पुसलं तर चूक झाकली जाते आणि तशीच मशीनवर जाते.

हिशेब साधा आहे. एका रेषेला दोन टोकं, प्रत्येक टोक आडवं आणि उभं हलू शकतं, म्हणून ४ डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे ठरवायच्या ४ मोकळ्या गोष्टी. आयताच्या चार सुट्या रेषांच्या झाल्या १६. चार कोपरे कोइन्सिडेंटने (दोन टोकं एकाच बिंदूवर आणणारं कन्स्ट्रेंट) जोडले की ८ जातात, दोन हॉरिझॉन्टल आणि दोन व्हर्टिकल यांनी ४ जातात. उरतात ४: लांबी, रुंदी, आणि आयत आडव्या-उभ्या दिशेने कुठे बसणार ते. या चार भरल्या की स्केच पूर्ण. त्यानंतर जे काही द्याल ते एक तर आधीचंच पुन्हा सांगेल, नाहीतर आधीच्याला खोटं पाडेल.

रिडन्डंटचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण सिमेट्रीचं. आयताची खालची बाजू उभ्या अक्षाच्या दोन्हीकडे सारखी यावी म्हणून आपण तिच्या दोन टोकांना सिमेट्रिक लावतो. हे एक कन्स्ट्रेंट दोन गोष्टी सांगतं: दोन्ही टोकं अक्षापासून सारख्या अंतरावर आहेत, आणि दोन्ही एकाच उंचीवर आहेत. एकाच उंचीवर म्हणजे रेषा आडवी. ते तर आयत काढतानाच सॉफ्टवेअरने आपणहून लावलेल्या हॉरिझॉन्टलने सांगितलेलं होतं. इथे हॉरिझॉन्टल खुशाल पुसा, आकार तसूभरही हलत नाही. पण शेवटचं पुसण्याची सवय असलेला इथे सिमेट्रिक पुसतो, म्हणजे हवं होतं तेच घालवतो. समोरासमोरच्या बाजूंना इक्वल लावणं किंवा कोपऱ्याला परपेंडिक्युलर (काटकोन) लावणं हीही याच जातीची प्रकरणं. त्यात फार वेळ घालवायची गरज नाही.

आता कॉन्फ्लिक्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, ड्रॉइंगचा फोटो येतो, साधी ब्रॅकेटची प्लेट. लांबी १२०. डावा होल डाव्या कडेपासून २०, उजवा होल उजव्या कडेपासून २०, दोन होलमधलं अंतर ८२. पोरगा ओळीने मापं टाकत जातो: २०, ८२, २०. इथपर्यंत सगळं सुरळीत. १२० टाकलं की सॉफ्टवेअर ओरडतं. तो १२० पुसतो, स्केच हिरवं होतं आणि प्लेट १२२ ची होते. त्याच्या लेखी प्रश्न सुटलेला असतो, कारण स्क्रीनवर आता काहीच चुकीचं दिसत नाही.

सॉल्व्हरला, म्हणजे सगळ्या अटी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भागाला, एवढंच कळतं की ही चार मापं एकत्र नांदत नाहीत. चारांपैकी खोटं कोणतं हे त्याला कळायला मार्ग नाही. शेवटी दिलेल्या मापावर आळ येतो तो केवळ ते शेवटी आलं म्हणून.

म्हणून पुसायच्या आधी एक करा. संशय असलेलं माप रेफरन्स करा, म्हणजे ते आकार ठरवत नाही, फक्त मोजून दाखवतं. फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी टॉगलचं बटण आहे. मग आकडा वाचा. तुम्ही टाकलेलाच आकडा दिसला तर माप रिडन्डंट होतं. वेगळा दिसला तर कॉन्फ्लिक्ट आहे, आणि फरक किती तेही समोर आलं. वरच्या प्लेटमध्ये १२० च्या जागी १२२ दिसेल. म्हणजे २ मिमीची गडबड शोधायची आहे. ८० चं ८२ झालं असेल का, की कडेची अंतरं १९ होती? याचं उत्तर स्केचमध्ये नसतं. फोन लावून विचारावं लागतं: "साहेब, दोन्ही कडांपासून २० आहे, मध्ये ८२ आहे आणि लांबी १२० लिहिलीय. कुठलं धरू?" हा फोन करायला संकोच वाटू देऊ नका.

समजा पार्टीने ८० सांगितलं. २०, ८०, २० आणि १२०: बेरीज जुळली, तरी इशारा जात नाही. आता तो रिडन्डंटचा आहे. "बरोबर तर आहे, राहू दे," म्हणून तो तसाच ठेवणारे पुढे अडकतात. उद्या पार्टीने लांबी १३० केली की त्याच चार मापांचा कॉन्फ्लिक्ट होतो. एक माप आजच रेफरन्स करून ठेवायला हवं.

कोणतं, हे प्लेटचं काम पाहून ठरवायचं. बोल्ट बसायचे असतील तर ८० ला हात लावायचा नाही. लांबी ठरलेली हवी असेल तर १२० ठेवा आणि उजवीकडचे २० सोडा. बेळगावात पुष्कळ जॉब फाउंड्रीतून येतात. कास्टिंगची एक कड मशिन केलेली आणि दुसरी कच्ची असेल तर मापं मशिन केलेल्या कडेपासून घ्यायची आणि कच्च्या कडेकडचं माप रेफरन्स करायचं.

बेरीज जुळली म्हणून चारही मापं ड्रॉइंगवर टॉलरन्ससकट (मापात चालणारा कमी-जास्त फरक) देणंही चुकीचंच. तीन तुकड्यांना प्रत्येकी ±०.२ दिलं तर एकूण लांबी ±०.६ पर्यंत जाऊ शकते, आणि तुम्ही १२० ला मागताय ±०.२. आकड्यांत रिडन्डंट दिसणारी साखळी टॉलरन्समध्ये कॉन्फ्लिक्ट असते. म्हणूनच ड्रॉइंगवर असं जादा माप कंसात लिहितात. ते माहितीपुरतं असतं, त्यावर जॉब पास-नापास होत नाही.

सॉफ्टवेअर बदललं की हे सांगायची पद्धत बदलते. फ्रीकॅड रिडन्डंट आणि कॉन्फ्लिक्टिंग यांचे निरोप वेगवेगळे देतं, आणि त्या निरोपावर क्लिक केलं की संबंधित कन्स्ट्रेंट निवडली जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. फुकट आहे, शिकणाऱ्याने यावरच सराव करावा असं माझं मत. सॉलिडवर्क्स जादा माप देतानाच ते ड्रिव्हन (म्हणजे रेफरन्सच) करू का असं विचारतं. तिथे घाईत ओके दाबू नका, आधी आकडा बघा. ऑटोकॅड तर स्केच ओव्हर-कन्स्ट्रेन्ड करणारं कन्स्ट्रेंट लावूच देत नाही. अशा वेळी नकार का आला हे वरच्या हिशेबाने आपणच शोधायचं: नवीन माप न लावता ते अंतर नुसतं मोजा आणि टाकणार होता त्या आकड्याशी ताडून पाहा.