ड्रग्ज ओळखणारी मशीनं कुठनं आली, आणि बेळगावनं यात का पडावं

चंदगड तालुक्यातली ढोलगरवाडी म्हटलं की आपल्याकडं लोकांना सर्पशाळा आठवते, नागपंचमीची गर्दी आठवते. त्याच गावात नोव्हेंबर 2021 मध्ये मुंबई पोलिसांच्या अँटी नार्कोटिक्स सेलनं एका फार्महाऊसवर धाड टाकली आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन नावाचं नशेचं ड्रग बनवायचा कारखानाच सापडला. मग फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांच्या मेफेड्रोनच्या तपासात सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीचं नाव आलं. म्हणजे हे मुंबईचं लफडं राहिलेलं नाही, निपाणी, बेळगाव या पट्ट्यातनं हायवे-४८ जातो, चोर्ला आणि आंबोलीतनं गोव्याची वाट आहे, आपली पोरं याच रस्त्यांवरनं कॉलेजला जातात, त्यामुळं मला हा विषय फार जवळचा वाटतो.

आता चेकपोस्टवर पांढरी पावडर सापडली तर ती काय आहे हे कसं कळणार? सगळ्यात जुना उपाय रंगाचा. मार्क्विस रिएजंट 1896 सालचं, सल्फ्युरिक ॲसिड आणि फॉर्मलिनचं मिश्रण. चिमूटभर पावडरीवर दोन थेंब टाकायचे, अफू-हेरॉईन असेल तर जांभळा रंग येतो. स्वस्त आहे, पटकन होतं, म्हणून सव्वाशे वर्षं टिकलंय. पण मेफेड्रोनवर या रिएजंटचा म्हणावा तसा रंगच येत नाही, त्याला वेगळं रसायन लागतं, म्हणजे काय शोधायचंय हे आधीच माहीत असलं तरच टेस्टचा उपयोग.

आणि खरी गोम इथंच आहे. मेफेड्रोन पहिल्यांदा बनलं 1929 मध्ये, नंतर कित्येक वर्षं कुणी विचारलं पण नाही, आणि 2000 नंतर ते बाजारात आलं. आपला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा 1985 चा, त्याच्या यादीत मेफेड्रोन आलं फेब्रुवारी 2015 मध्ये, तोवर मुंबईत ते राजरोस विकलं जात होतं आणि पोलिसांचे हात बांधलेले. आता 50 ग्रॅमच्या वर सापडलं की कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे धंद्यासाठीचा साठा धरतात. फेंटानिल या अफूसारख्या कृत्रिम ड्रगसाठी हाच आकडा 0.1 ग्रॅम आहे, यावरनं ते किती जहाल आहे बघा. एका मॉलिक्यूलवर बंदी आली की रसायनात थोडा बदल करून दुसरा काढतात, संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत असले 1200 च्या वर नवे पदार्थ आहेत. एप्रिल 2023 मध्ये अमेरिकेनं झायलाझिन मिसळलेल्या फेंटानिलला 'उभरता धोका' जाहीर केलं. झायलाझिन म्हणजे गुराढोरांचे डॉक्टर जनावर शांत करायला देतात तेच, आणि फेंटानिलच्या ओव्हरडोसवर चालणारं नॅलोक्सोन हे उतारा-औषध झायलाझिनवर चालत नाही.

मग मशीनं. यातली एक गोष्ट आपल्या अभिमानाची आहे, 28 फेब्रुवारी 1928 ला सी. व्ही. रामन यांनी जो परिणाम शोधला त्याच्यावरच आजचे हातात धरायचे ड्रग स्कॅनर चालतात. लेझर पावडरीवर पडतो, परत आलेल्या प्रकाशातनं पदार्थाची ओळख पटते, पाकीट पारदर्शक असेल तर ते फोडायची पण गरज नाही. पण लेझर 1960 चा, आणि ते सगळं हातात मावेल इतकं छोटं व्हायला 2000 नंतरचा काळ उजाडला. त्यात अहुरा नावाची अमेरिकेतली एक छोटी कंपनी पुढं होती, 2010 मध्ये थर्मो फिशरनं ती विकत घेतली आणि 2012 मध्ये ट्रूनार्क हा हातात धरायचा ड्रग स्कॅनर बाजारात आला. उणीव राहिलीच, मिश्रणात फेंटानिल अगदी थोडं असेल तर बाकीच्या भेसळीत झाकलं जातं, आणि मशीनच्या लायब्ररीत, म्हणजे त्यात साठवलेल्या ओळखींच्या यादीत, जो पदार्थ नाही त्याचं नाव ते सांगू शकत नाही.

छोट्या कंपन्यांच्या हातात संशोधनाचा पैसा कसा पोचतो, त्याची गोष्ट 1977 ची. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये रोलंड टिबेट्स म्हणून अधिकारी होते, त्यांनी छोट्या कंपन्यांसाठी वेगळा निधी सुरू केला. 1982 मध्ये त्याचा कायदा झाला, योजनेचं नाव एसबीआयआर (स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च). ज्या खात्याचं बाहेर द्यायचं संशोधनाचं बजेट 10 कोटी डॉलरच्या वर, त्यानं ठराविक टक्का छोट्या कंपन्यांना द्यायचाच, सुरुवातीला 0.2, 2017 पर्यंत तो 3.2 झाला. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते का ते दाखवायचं, दुसऱ्यात नमुना यंत्र बनवायचं, तिसऱ्यात बाजार, तिथं या निधीचा पैसा नाही. सरकार कंपनीत हिस्सा मागत नाही, मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, कारण नव्या ड्रगचं डिटेक्टर बनवून पहिल्या वर्षी नफा होत नसतो आणि बँक तेवढी थांबत नाही. तिथली व्यसनांवर संशोधन करणारी संस्था आणि गृहसुरक्षा खातं दोघंही याच वाटेनं पैसे देत आलेत. गरज काय आहे ते खातं आधी लिहून जाहीर करतं, कंपन्या नंतर अर्ज करतात.

आपल्याकडं 2005 मध्ये बायोटेक्नॉलॉजी विभागानं याच धर्तीवर एसबीआयआरआय ही योजना आणली, 2012 मध्ये बायोटेक कंपन्यांना मदत करणारी बायरॅक ही सरकारी संस्था आली, संरक्षणासाठी 2018 मध्ये आयडेक्स योजना. आयडेक्समध्ये लष्कर आपली अडचण मांडतं आणि स्टार्टअप उत्तर शोधतात, तसंच पोलिसांनी आणि एनसीबीनं (केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्यानं) आपली अडचण मांडावी असं मला मनापासून वाटतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्री आहेत, सीएनसी-व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं आहेत, व्हीटीयू या तंत्रशिक्षण विद्यापीठाचं मुख्यालय इथंच आहे, ऑप्टिक्स बाहेरनं आणावं लागेल पण बॉडी, सॅम्पल होल्डर, असेंब्ली इथं होऊ शकते.

पण यात एक मोठी अडचण आहे. मशीन शिकवायला खरं ड्रग लागतं आणि एनडीपीएसखाली परवान्याशिवाय एक ग्रॅमसुद्धा जवळ ठेवता येत नाही. उद्यमबागेतल्या दोन खोल्यांच्या कंपनीला तो परवाना मिळवणं सोपं नाही. म्हणून बेळगावातली प्रादेशिक फॉरेन्सिक लॅब आणि धारवाडचं फॉरेन्सिक सायन्सेस विद्यापीठाचं कॅम्पस यांच्या दारातच टेस्टिंगची सोय करावी लागेल, नमुने त्यांच्या ताब्यात राहतील, कंपनी आपलं मशीन घेऊन तिथं जाईल आणि रीडिंग घेऊन येईल.