मॅप सेन्सरची व्हॅक्युम नळी: लांबी-जाडीचा प्रश्न आला कुठून?

मॅप सेन्सर म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा सेन्सर. आफ्टरमार्केट ईसीयू, म्हणजे बाहेरून घेतलेला इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर, बसवताना एक प्रश्न हमखास येतो, की मॅनिफोल्डपासून या सेन्सरपर्यंत नळी किती लांब चालेल आणि आतून किती मिमी हवी. आजच्या बऱ्याच कंपनी-फिटेड गाड्यांत हा प्रश्नच येत नाही, कारण सेन्सर थेट इनटेक मॅनिफोल्डवर बसवलेला असतो, मधे नळीच नाही.

पूर्वी तसं नव्हतं. १९६७ ला बॉशचं डी-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन फोक्सवॅगन १६०० वर आलं, त्यातला डी म्हणजे जर्मन 'ड्रुक', दाब. त्यातला दाबाचा सेन्सर म्हणजे आत धातूच्या पोकळ डब्या आणि कॉइल असलेला चांगला मोठा डबा, तो इंजिनवर कुठे बसवणार, म्हणून बॉडीवर बसवला आणि नळीनं जोडला. पुढे सिलिकॉनचे छोटे सेन्सर आले आणि कार कंपन्यांनी हळूहळू ते मॅनिफोल्डवर नेले.

आफ्टरमार्केटवाले मात्र उलट दिशेला गेले. मेगास्क्वर्ट या स्वतः जोडायच्या ईसीयूमध्ये मोटोरोलाचा एमपीएक्स ४२५० सेन्सर सरळ सर्किट बोर्डवरच सोल्डर केलेला. कारण पटण्यासारखं आहे, ईसीयूचा एकच डबा कुठल्याही इंजिनला चालतो, वायरिंग कमी, सेन्सरचं कॅलिब्रेशन आधीच माहीत. पण डबा उष्णतेपासून लांब डॅशबोर्डखाली जातो, मग नळी फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आत आणावी लागते आणि ती सहज मीटरभर होते.

इथे खरी भानगड सुरू होते. दाबाची लाट नळीतून आवाजाच्या वेगानं जाते, म्हणजे १ मीटरला साधारण ३ मिलिसेकंद, आणि ६००० आरपीएमला तेवढ्यात क्रँक १०० अंशांहून जास्त फिरलेला असतो. पण मला विचाराल तर उशिरापेक्षा रेझोनन्स जास्त त्रास देतो. नळीचं सेन्सरकडचं टोक बंद असतं, त्यामुळे १ मीटरची नळी ८६ हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि चार सिलिंडरचं इंजिन २६०० आरपीएमला सेकंदाला बरोबर तेवढेच इनटेक पल्स (हवा ओढण्याचे झटके) देतं, म्हणजे नेमकं रोजच्या चालवण्याच्या रेंजमध्येच रीडिंग नाचायला लागतं. तीच नळी ३० सेंमी केली की हा आकडा २८५ हर्ट्झवर जातो, म्हणजे साडेआठ हजार आरपीएमच्या पुढे, तिथे कोण जातंय!

जाडीवर मात्र उगाच जास्त वाद होतात. ४ मिमीच्या आसपासची नळी बहुतेकांना पुरते. फार बारीक केली तर घर्षण झपाट्यानं वाढतं, व्यास निम्मा केला की संथ प्रवाहाला अडथळा १६ पट, मग पल्स दबतात खरे पण थ्रॉटल उघडल्यावर रीडिंग मागे राहतं. काहीजण मुद्दाम मधे बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर टाकतात तो याच हिशोबानं, पण तो लांब नळीचा उशीर काही भरून काढत नाही. भिंत मात्र जाड हवी, मऊ नळी गरम झाली की व्हॅक्युममध्ये चपटी होते, आणि ब्रेक बूस्टर किंवा फ्युएल रेग्युलेटरच्या लाइनमधून टी काढून जोडली तर त्यांची हालचालही रीडिंगमध्ये येते.

नंतर सॉफ्टवेअरमध्ये क्रँकच्या फिरण्याच्या ठरावीक खिडकीतच, म्हणजे ठरावीक अंशांमध्येच, सॅम्पल घेणं आलं, त्यानं पल्सचा बराच त्रास कमी झाला, पण ती खिडकी नळीतल्या उशिराप्रमाणे सरकवावी लागते. म्हणून आता बरेच ट्यूनर ईसीयूच्या आतला सेन्सर सोडून मॅनिफोल्डजवळ वेगळा ३ बारचा सेन्सर लावतात आणि वायरच लांब नेतात, वायरमधला उशीर इंजिनच्या हिशोबात शून्यच.