रोलप्ले लेखनातील आयते पात्र आणि स्वरचित पात्र

रोलप्ले लेखन म्हणजे दोघांनी किंवा अधिक जणांनी आळीपाळीने, ज्याने त्याने आपल्या पात्राच्या बाजूने लिहीत नेलेली गोष्ट. एकाने प्रसंग उघडायचा, दुसऱ्याने आपल्या पात्राचे उत्तर लिहायचे, पुन्हा पहिल्याने. पुढे काय होणार हे कोणालाच पूर्ण ठाऊक नसते. यात उतरताना आधी पात्र ठरवावे लागते: दुसऱ्या कोणी निर्माण केलेले, वाचकांच्या ओळखीचे पात्र घ्यायचे की आपले आपण घडवायचे. खेळणाऱ्यांच्या बोलीत पहिल्याला ‘कॅनॉन’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ओसी’ (ओरिजिनल कॅरेक्टर). या नोंदीत त्यांना आयते पात्र आणि स्वरचित पात्र म्हटले आहे. ‘आयते’ म्हणजे बिनकष्टाचे असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. उदाहरणे सोलापुरात घडणाऱ्या एका खेळाची आहेत: भा. रा. भागवतांच्या कथांतला फास्टर फेणे, म्हणजे फाफे, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा बघायला सोलापुरात येतो आणि त्याची गाठ पूर्व भागातल्या विणकरवस्तीतल्या रेणुकाशी पडते. फाफे आयता, रेणुका स्वरचित.

पूर्वपीठिका

आजच्या प्रकाराची एक मुळी १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आहे, दुसरी १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मड’ या संगणकावरच्या शब्दखेळात. दोन्हीकडे पात्र स्वतःचे असे. आयती पात्रे घेऊन लिहिण्याची हौस चाहत्यांनी स्वतः काढलेल्या अंकांतून वाढली.

मराठी माणसाला ही विभागणी नवी वाटायचे कारण नाही. कोकणातल्या दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट ऐनवेळी बोलतात, पण पात्रे पुराणातली, सगळ्यांच्या ओळखीची. तमाशाच्या गवळणीत तर दोन्ही जाती एकाच फळीवर उभ्या असतात. कृष्ण आयता, मावशी मंचाने घडवलेली. आणि टाळ्या कोणाला पडतात हे पाहिले की स्वरचित पात्र दुय्यम असते हा समज गळून पडतो.

आयते पात्र घेताना

सर्वात आधी ‘कुठला?’ हे ठरवावे लागते. नुसते ‘मी कर्ण घेतो’ म्हणून भागत नाही. द्रौपदीने भर स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणून अपमान केलेला कर्ण बहुतेकांच्या डोक्यात असतो, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने तो नकार मुख्य संहितेत घेतलेला नाही. दोन लेखकांपैकी एकाचा कर्ण त्या अपमानाने पेटलेला असेल आणि दुसऱ्याच्या द्रौपदीने तो केलेलाच नसेल, तर तिसऱ्या उत्तराला गाडी अडते. शेरलॉक होम्सचेही तेच. ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे वाक्य जसेच्या तसे मूळ कथांत कुठेही नाही. ते नाटक-सिनेमांनी रुळवले. म्हणून ग्रंथातला, मालिकेतला की चित्रपटातला, आणि त्यातही कोणत्या प्रसंगानंतरचा, हे पहिल्या ओळीत लिहून टाकावे.

त्यानंतरचे काम हमालीचे आहे. मूळ लेखनातून पात्राची स्वतःची दहा-बारा वाक्ये उतरवून काढावीत आणि त्यांत चार गोष्टी शोधाव्यात: वाक्ये लांब की तुटक, राग आल्यावर बोलणे वाढते की थांबते, मोठ्यांना कसे हाक मारतो, आणि कोणता विषय निघाला की टाळतो. लकबी सोप्या असतात, म्हणून नवखे तिथेच फसतात. फाफे जिभेने ‘ट्टॉक’ करतो हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून दर उत्तरात दोनदा ‘ट्टॉक’ येते आणि चौथ्या उत्तरापर्यंत पात्राचे खेळणे होते. पाच उत्तरांत एकदा पुरे. फाफे ओळखू यायला हवा तो त्याच्या वागण्यातून: फुरसुंगीचा, विद्याभवनात शिकणारा, सायकल दिसली की हात शिवशिवणारा, मोठ्यांनी नको म्हटलेल्या जागी आधी डोकावणारा पोरगा.

तिसरी गोष्ट ज्ञानाची हद्द. लेखकाला जे ठाऊक असते ते पात्राला ठाऊक असेलच असे नाही. ही चूक आयत्या पात्रात जास्त होते, कारण लेखकाने सगळी पुस्तके वाचलेली असतात. फाफेच्या मूळ काळात खिशात मोबाईल नाही. खेळ आजच्या सोलापुरात ठेवायचा असेल तर तो बदल सुरू करण्याआधी दोघांनी बोलून मान्य करावा. शिवाय तो शाळकरी मुलगा आहे, तेव्हा त्याच्यावर प्रेमप्रसंग लिहायचे नाहीत. ‘आमच्या खेळात तो मोठा झालाय’ ही पळवाट अनुभवी गट मान्य करत नाहीत.

एकच पात्र दोघांना हवे असणे हा नेहमीचा तंटा. पात्र आधी मागेल त्याचे, पण दोन-तीन आठवडे काहीच न लिहिल्यास मोकळे, असा नियम गट घालून घेतात. तो भांडणाच्या आधी लिहून ठेवलेला असला तरच चालतो.

हक्काबद्दल थोडक्यात. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. होम्सचा निर्माता १९३० मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या कथा इथे केव्हाच खुल्या झाल्या. भा. रा. भागवतांचे निधन २००१ चे; फाफेच्या कथांवर २०६१ अखेरपर्यंत हक्क आहे. चार जणांनी आपसात हौसेने लिहिणे वेगळे आणि तेच पुस्तक करून विकणे वेगळे. विकण्याचा विचार मनात असेल तर पात्र पहिल्यापासून स्वरचित घ्यावे. मागाहून नाव बदलून पात्र आपले होत नाही.

स्वरचित पात्र घडवताना

इथे उलटा धोका. धरून बसायला मूळ काहीच नसते, म्हणून लेखक पात्राला सगळेच देऊन टाकतो: रूप, बुद्धी, दुःखद बालपण आणि तीन गुप्त विद्या. अशा पात्राला ‘मेरी स्यू’ म्हणतात. हे नाव १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांची थट्टा करण्यासाठी लिहिलेल्या छोट्या विडंबनातून आले, त्यातली नायिका साडेपंधरा वर्षांची असून ताफ्यातली सर्वात तरुण लेफ्टनंट असते. त्रास पात्र हुशार असण्याचा नसतो. समोरच्या लेखकाला करायला काही उरत नाही, हा खरा त्रास.

पात्राची ओळख एका पानात, साधारण २०० शब्दांत बसवावी. पंधराशे शब्दांचा पूर्वेतिहास कोणी वाचत नाही, आणि लिहिणाऱ्याचा मात्र त्यात पाय अडकतो. रेणुकाची ओळख अशी लिहिता येईल: वय २४. अशोक चौकाजवळ राहते, घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील यंत्रमागावर. ती चादरीच्या नक्षी ग्राफ कागदावर काढते आणि जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रणेची, भोकांची कार्डे पाडून देते. हिशेब चोख, गर्दीत गांगरते. या महिन्यात तिला एका नव्या नक्षीचे पैसे वसूल करायचे आहेत. तिने पाडलेल्या कार्डांत एक चूक राहिली आहे आणि ती कोणाला सांगितलेली नाही.

शेवटच्या दोन वाक्यांवर पुढचे सगळे चालते. इच्छा या महिन्यात पुरी होऊ शकेल एवढी लहान हवी. ‘तिला जग बदलायचे आहे’ यावर समोरच्याला उत्तर लिहिता येत नाही. ‘तिला कारखानदाराकडून पैसे घ्यायचे आहेत’ यावर लगेच येते. लपवलेली गोष्टही धंद्यातूनच निघालेली बरी. जकार्डमध्ये कार्डाला भोक असेल तिथे हूक उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा वर येतो. प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड, आणि कार्डांची माळ पुन्हा पुन्हा फिरत राहते. एक भोक चुकले की माळ फिरेल तेव्हा दर वेळी मोराच्या मानेत तोच धागा चुकतो. म्हणजे रेणुकाची चूक गठ्ठ्यातल्या एकूण एक चादरीवर उमटलेली आहे आणि जत्रेत चादर विकत घेणाऱ्या कोणाच्याही नजरेला पडू शकते. चौकस फाफेसाठी याहून चांगला दोरा वेगळा शोधायला नको.

नावाच्या निवडीतही घाई होते. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या मुलीला कोकणस्थी आडनाव लावले की सोलापूरचा वाचक तिथेच थांबतो.

शहर हेही आयतेच

स्वरचित पात्र घेतले म्हणजे मूळ संहितेच्या जाचातून सुटलो, असे मानणारे इथे अडखळतात. पात्र आपले असले तरी सोलापूर आपण घडवलेले नाही. जिथे राहणारे लोक वाचक आहेत ते शहर म्हणजे हजारोंना पाठ असलेली संहिता. सिद्धेश्वराच्या जत्रेचा क्रम ठरलेला आहे: यण्णीमज्जन, अक्षता, होम, शोभेचे दारूकाम, कप्पडकळी. फाफे संध्याकाळी दारूकाम बघतो आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षतेला जातो असे लिहिले, तर तो कितीही फाफेसारखा बोलला तरी प्रसंग खोटा पडतो. मिरवणुकीतले नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) सात, धरणारे पांढऱ्या बाराबंदीत. एवढे दोन तपशील बरोबर आले तरी पानभर वर्णनाची गरज उरत नाही.

बोलीचेही तसेच. सोलापूरचे ‘बे’ ऐकायला गमतीचे म्हणून बाहेरचे लेखक ते वाक्यावाक्याला लावतात. ‘काय करायलास बे?’ हे बरोबरीच्या दोस्ताला. रेणुका कारखानदाराला ‘बे’ म्हणणार नाही, आणि म्हणालीच तर ती त्या खेळातली सर्वात मोठी घटना असेल. ‘करायलास’, ‘चाललास’ हे शेवट नीट सांभाळले तर ‘बे’ची गरज फार कमी पडते. तेलुगू किंवा कानडी येत नसेल तर ‘ती आईशी तेलुगूत काहीतरी बोलली’ एवढेच लिहावे. चुकीच्या तेलुगू वाक्यापेक्षा ते कितीतरी बरे.

खेळ १९३० सालचा असेल तर शहराची संहिता आणखी कडक होते. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. या तारखा गोष्टीच्या सोयीने सरकत नाहीत. चार हुतात्म्यांपैकी कोणाला खेळाचे पात्र करून त्याच्या तोंडी आपली वाक्ये घालू नयेत, असे आमचे मत. गिरणीतला, गर्दीत मागे उभा असलेला स्वरचित कामगार घ्यावा आणि त्याला बातमी ऐकू द्यावी.

दोन्ही पात्रे एका प्रसंगात

आयते पात्र आणि स्वरचित पात्र समोरासमोर आले की पारडे आपोआप आयत्याकडे झुकते. सगळे फाफेला उत्तर देतात, रेणुका कौतुक करत उभी राहते. त्यावर रेणुकाला फाफेची आजवर न सांगितलेली मावसबहीण करणे हा हमखास सुचणारा आणि हमखास फसणारा उपाय आहे, कारण त्याने मूळ गोष्टीलाच धक्का लागतो. त्यापेक्षा प्रसंग तिच्या जागेत न्यावा. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे खाणाखुणा चालतात आणि फाफेला त्यातले ओ की ठो कळत नाही. मग तो विचारतो, ती सांगते, आणि दोघांनाही काम मिळते.

सर्वात जास्त भांडणे मात्र एका साध्या चुकीवरून होतात: समोरच्याचे पात्र आपणच हलवणे. पुढचे उत्तर पाहा.

‘रेणुकाने त्याच्या हातातली पिशवी हिसकावली. फाफे घाबरून दोन पावले मागे सरला आणि माफी मागू लागला.’

यात फाफेच्या लेखकाचे तीन निर्णय रेणुकाच्या लेखकाने घेऊन टाकले: पिशवी सुटणे, घाबरणे, माफी. दुरुस्त केलेले असे:

‘रेणुकाने पिशवीच्या बंदाला हात घातला. “चादर घेतलास ना? मग घडी उघडून बघू दे की जरा.” नजर मात्र तिने चादरीकडे जाऊ दिली नाही.’

हात घातला, ओढ लागली. पिशवी सुटली की नाही हे पुढचा लिहील. नजर न जाऊ देण्यात लपवलेली गोष्ट हलकेच खुणावली आहे, आणि ती पकडायची की सोडायची हेही त्याच्याच हातात राहिले. उत्तराची लांबी १०० ते ३०० शब्द ठेवतात. आठशे शब्दांच्या उत्तरात चार प्रश्न आणि दोन मारामाऱ्या येतात आणि समोरचा कशाकशाला उत्तर देणार? एका उत्तरात एकच ठळक कृती, आणि शेवट उत्तर मागणाऱ्या जागी.

पात्राबाहेरचे बोलणे दुहेरी कंसात लिहायची रीत आहे. ((उद्या परीक्षा आहे, परवा लिहितो)) असे. रेणुका फाफेवर चिडली असेल आणि तिचा लेखक चिडलेला नसेल, तर तेही एकदा दुहेरी कंसात सांगून टाकावे.

नवख्याने कुठून सुरुवात करावी यावर मतभेद आहेत. आयते पात्र घेतल्याने आवाज सांभाळायची शिस्त लागते, असे काही म्हणतात. आमच्या मते ओळखीच्या जगातले बिननावाचे, कोपऱ्यातले माणूस घ्यावे: विद्याभवनाचा शिपाई, किंवा होम मैदानावरचा शेंगाचटणी विकणारा. जग आयते मिळते, माणूस मात्र आपल्यालाच लिहावा लागतो, आणि ‘तो असे बोललाच नसता’ म्हणून कोणी कान धरत नाही.