वेळेचा तक्ता बाजूला ठेवा, गाडीचा तळ बघा

फेब्रुवारी आला की कोल्हापुरातल्या रेसिंगवेड्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता फिरायला लागतो. फॉर्म्युला वनच्या हंगामपूर्व चाचण्यांत कुणाची फेरी सर्वांत वेगवान, त्याचा. ज्याचं नाव वर तोच यंदा जिंकणार, असा निकालही लगेच लागतो. आपल्या शहरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, इथली पोरं बाहेर जाऊन शर्यती मारतात. त्यामुळे हा गैरसमज इथे तरी टिकू नये असं मला मनापासून वाटतं.

२०२५ चंच बघा. बहारीनच्या साखीर ट्रॅकवर २६ ते २८ फेब्रुवारी अशी तीन दिवस चाचणी झाली. ५.४१२ किलोमीटरची फेरी सर्वांत कमी वेळात, १ मिनिट २९.३४८ सेकंदांत, मारली विल्यम्सच्या कार्लोस साइन्झनं. वर्षअखेरीस संघांचं अजिंक्यपद गेलं मॅक्लारेनकडे, विल्यम्स पाचव्या क्रमांकावर. २०१९ मध्ये बार्सिलोनात फेरारीचा व्हेटेल पहिला होता आणि मर्सिडीजचा हॅमिल्टन त्याच्यापेक्षा फक्त ०.००३ सेकंदानं मागे. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत मर्सिडीजचा बोटास जिंकला, व्हेटेल जवळपास मिनिटभर मागे राहून चौथा आला.

कारण साधं आहे. टाकीत किती इंधन घातलंय ते कुठलाच संघ सांगत नाही. दहा किलो इंधन वाढलं की फेरीमागे साधारण ०.३ सेकंद जातात, आणि २०२५ पर्यंत शर्यतीला ११० किलोपर्यंत इंधन वापरता येत होतं. म्हणजे भरलेली टाकी आणि जवळपास रिकामी टाकी यांत तीन सेकंदांचा फरक! त्यात टायर मऊ की कडक, इंजिन पूर्ण ताकदीनं चालवलं की नाही, हे वेगळंच.

शिरोलीच्या फौंड्रीत नव्या पॅटर्नचं पहिलं कास्टिंग ओततात, ते विकायला नसतं. ते कापतात आणि आत ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या हवेची पोकळी, आहे का ते बघतात. चाचणीतली गाडी नेमकी तशी असते. चाकामागे नळ्यांची एक मोठी चौकट बसवलेली असते. प्रत्येक नळी आपापल्या जागचा हवेचा दाब मोजते. पंखांवर पातळ तेलात कालवलेला झगझगीत हिरवा रंग फासतात. एक फेरी मारून गाडी परत आली की हवा जिथे पृष्ठभागाला धरून वाहिली तिथे बारीक, सलग रेघा उमटलेल्या दिसतात आणि जिथे सुटली तिथे रंग थबकून साचलेला असतो. न दिसणारी हवा अशी डोळ्यांसमोर येते.

आता माझ्या सर्वांत आवडीच्या गोष्टीकडे येतो. २०२२ मध्ये नियम बदलले आणि गाडीच्या पोटाखाली दोन बोगदे आले. बार्सिलोनात चाचणी सुरू झाली आणि सरळ रस्त्यावर वेग वाढताच गाड्या थडथड उसळायला लागल्या, सेकंदाला पाच-सहा वेळा. याला पोरपॉइझिंग म्हणतात.

शाळेतला बर्नुली आठवा. वाट चिंचोळी झाली की हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. पोटाखालचा दाब घटला की गाडी रस्त्याकडे ओढली जाते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, तर ओढ चौपट. गाडी दबते, फट आणखी अरुंद होते, ओढ आणखी वाढते. मग एका उंचीला फट इतकी बारीक उरते की हवेचा प्रवाह कोंडतो आणि तळापासून सुटतो. ओढ एकदम कोसळते, दबलेल्या स्प्रिंगा आणि टायरच्या भिंती गाडीला वर फेकतात. वर येताच हवा पुन्हा तळ धरते, आणि चक्र पुन्हा सुरू.

पण ते आपोआप विरत का नाही? इथेच खरी गंमत आहे. हवेला प्रवाह बदलायला क्षणभर लागतो. खाली जाताना ती जरा उशिरा सुटते, म्हणून ओढ अजून शिल्लक असते. वर येताना ती जरा उशिरा चिकटते, म्हणून ओढ अजून आलेली नसते. खाली जाणाऱ्याला खाली रेटा आणि वर जाणाऱ्याला मोकळीक: प्रत्येक हेलकाव्यात हवा थोडी ऊर्जा गाडीत भरते. शॉक ॲब्झॉर्बर जिरवतो त्यापेक्षा ती जास्त झाली की उसळी थांबतच नाही. त्यात सस्पेन्शन कमालीचं कडक ठेवलेलं, म्हणजे स्प्रिंगचं बरंचसं काम टायरच करतो आणि टायरमध्ये ऊर्जा जिरवण्याची ताकद कमी. इनर्टर नावाचा, हेलकावे शांत करणारा भागही त्याच वर्षी बंद झाला होता.

विंड टनेलमध्ये, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून ते तपासतात त्या दालनात, हे आधी का दिसलं नाही? नियमानुसार तिथे मॉडेल जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं आणि हवा सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. शिवाय मॉडेल दांड्याला धरलेलं. स्वतःच्या स्प्रिंगवर ते उसळणार कसं? खरी गाडी खऱ्या रस्त्यावर याहून कितीतरी वेगानं पळाली तेव्हाच रोग बाहेर आला. १९७८ मध्ये लोटस ७९ या बोगदेवाल्या गाडीवर मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला, त्या काळातही ही उसळी माहीत होती. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला आणि तो अनुभव मागे पडला. २०२२ मध्ये बाकूच्या शर्यतीनंतर हॅमिल्टनला पाठदुखीनं गाडीतून धड उतरता येईना. अखेर २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर घ्यायला लावल्या.

या खेळातही अशुभ समजला जाणारा १३ नंबर वर्षानुवर्षं टाळला गेला. २०१४ मध्ये चालक पास्तोर माल्डोनाडोनं तो मागून घेतला. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतात. लिंबानं ब्रेक सुधारत नाही आणि आकड्यानं टायर फुटत नाही. तीन दिवसांच्या आकड्यांवरून अख्ख्या वर्षाचं भविष्य सांगणारे व्हिडिओही मी याच पंगतीत बसवतो.

तक्त्यात वाचायचाच तर फेऱ्यांच्या संख्येचा रकाना वाचा. २०१४ मध्ये नवी हायब्रिड इंजिनं आली. हेरेथच्या चार दिवसांच्या चाचणीत सलग चार वर्षांचा विजेता रेड बुल संघ इंजिनाच्या दुखण्यांमुळे फक्त २१ फेऱ्या मारू शकला. मर्सिडीजनं मारल्या ३०९, आणि त्या हंगामातल्या १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या.