भाकीत आणि अंदाज (शब्दविचार)

पुढे घडणाऱ्या गोष्टीविषयी आधीच केलेल्या विधानाला मराठीत एक नाव नाही. भविष्य, भाकीत, होरा, शकुन, कौल, अंदाज, कयास, अटकळ, आडाखा, ठोकताळा असे कितीतरी शब्द वापरात आहेत. कोशांत ते एकमेकांचे अर्थ म्हणून येतात, बोलताना मात्र त्यांची सहज अदलाबदल होत नाही. फरक कळतो तो सोबतच्या क्रियापदावरून. भविष्य ‘सांगतात’ किंवा ‘पाहतात’, भाकीत ‘करतात’ किंवा ‘वर्तवतात’. अंदाज, कयास, अटकळ आणि आडाखे ‘बांधतात’. पहिल्या गटात गोष्ट जणू आधीच ठरलेली असते आणि सांगणारा ती वाचून दाखवतो. दुसऱ्या गटात ती बोलणाऱ्यानेच रचलेली असते, म्हणून चुकली तर चूकही त्याची. ‘माझा अंदाज चुकला’ हे रोज कानावर पडते. ‘माझे भविष्य चुकले’ असे ज्योतिषी म्हणत नाही. फार तर जातकाची जन्मवेळ चुकीची निघते.

‘भविष्य’ हे ‘भू’ (होणे) या संस्कृत धातूपासून आलेले रूप. अर्थ, होणार असलेले. मराठीत ते काळालाही लागते आणि त्या काळाविषयीच्या कथनालाही, म्हणून ‘मुलांचे भविष्य’ आणि ‘आजचे भविष्य’ यांत एकच शब्द दोन कामे करतो. ‘भाकीत’ हा ‘भाकणे’चा सोयरा. करुणा भाकणे, आणभाक या प्रयोगांत जो बोलण्याचा, शब्द देण्याचा अर्थ आहे, तोच इथे पुढच्या काळाकडे वळला आहे.

‘होरा’ची कथा अधिक रंगतदार आहे. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिराने बृहज्जातक या ज्योतिषग्रंथात एक मत नोंदवले आहे : ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गळून ‘होरा’ उरला. व्युत्पत्ती चतुर आहे, पण अभ्यासक आज तो ग्रीक शब्द मानतात. काळाचा ठरावीक भाग, तास असा त्याचा अर्थ. आज ‘माझा होरा खरा ठरला’ म्हणणाऱ्याने पत्रिका उघडलेली नसते. तो निवडणुकीबद्दल किंवा क्रिकेटच्या सामन्याबद्दल बोलत असतो.

‘शकुन’ म्हणजे मुळात पक्षी. पक्ष्याच्या हालचालीवरून काढलेल्या अर्थालाही तेच नाव पडले. ‘कौल’ अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ बोल, वचन. इथे तो सरकारी अभयपत्रालाही लागला आणि देवाकडून मिळणाऱ्या होकार-नकारालाही. आता मतदारही कौल देतात. मतमोजणीच्या सकाळी मात्र ‘कौल’ नव्हे, ‘कल’ कळतात.

‘अंदाज’ फारसी. त्याच्या मुळाशी फेकणे ही क्रिया आहे. तिरंदाज आणि गोलंदाज यांतला ‘अंदाज’ तोच. नेम धरून मारलेला बाण लागेल किंवा हुकेल, आणि अंदाजही हुकतो. ‘कयास’ अरबी असून तिथे त्याचा संबंध मोजण्याशी, तुलनेशी आहे. ‘ठोकताळा’त हिशेब पडताळण्याचा ‘ताळा’ दडलेला आहे, म्हणून तो अनुभवावर उभा असतो. अटकळीला तेवढाही आधार लागत नाही.

‘अनुमान’ हा शब्द या यादीत अर्धाच बसतो. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनात, त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतले दोन इथे पाहू. ढग पाहून पाऊस येईल म्हणणे हे ‘पूर्ववत्’, तर नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस झाला म्हणणे हे ‘शेषवत्’. तर्क दोन्हीकडे आहे, पण भाकीत फक्त पहिल्यात.

हवामानाच्या बातमीत दोन्ही गट एकत्र येतात. ‘हवामान विभागाने अंदाज वर्तवला’ या वाक्यात नाम बांधण्याच्या गटातले आणि क्रियापद भाकिताचे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ हे शब्द ऐकायला मोघम वाटतात, पण त्यांना माप आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी नोंदकेंद्रांवर. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत किमान ६४.५ मिलिमीटर. चारपैकी तीन केंद्रे अशा पावसावाचून राहिली तरी अंदाज बरोबरच असतो, आणि नेमके त्या तीन ठिकाणचे लोक ‘वेधशाळेचे काही खरे नाही’ म्हणतात. मोसमी पाऊस ‘सरासरीइतका’ म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. १९७१ ते २०२० या काळावरून देशासाठी ही सरासरी ८७ सेंटिमीटर धरली जाते. ‘इशारा’ ही आणखी वेगळी गोष्ट : तो ‘देतात’. तो ऐकून लोक हलले आणि पुढे काही घडले नाही, तरी तो वाया गेला असे म्हणता येत नाही.

क्रियापदाच्या रूपांतही खात्रीचे चढउतार आहेत. ‘पाऊस पडेल’ यात शक्यतेला जागा आहे, ‘पडणार’ यात ती फारशी नाही. ‘तो आता घरी पोचला असेल’ या वाक्यात रूप भविष्यकाळाचे आहे, पण तर्क झालेल्या गोष्टीचा. उलट हाक आली की आपण जागेवरून न उठता ‘आलोच’ म्हणतो : रूप भूतकाळाचे, आणि पाय अजून निघायचे आहेत.