जुन्या गाडीचा बेस दारातच विरतो

दर्यापूर असो, दारव्हा असो की हिंगणघाट, कार डेकोरच्या दुकानात मांडलेल्या डेकच्या, म्हणजे गाडीत गाणी वाजवणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' छापलेलं दिसतंच. हा आकडा अगदी खोटा नाही. तो येतो कुठून, ते शाळेतल्या गणितानं काढता येतं. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये सुमारे १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकरचा रोध असतो ४ ओहम. व्होल्टचा वर्ग करून ओहमनं भागा, जवळपास ५२ वॅट येतात. मात्र एवढी शक्ती मिळते ती डेक गाण्याच्या गोलसर लहरींची टोकं छाटून त्या चौकोनी करतो तेव्हा. कानाला तो आवाज फाटलेला लागतो. लहर न छाटता मिळणारी शक्ती याच्या निम्मी, म्हणजे २६ वॅट. आतल्या सर्किटचा तोटा वजा केला की एका स्पीकरच्या वाट्याला साधारण १८ ते २० वॅट उरतात. डेक कितीही महाग घ्या, आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल तर हे गणित बदलत नाही. आवाजाची ताकद वाढवणाऱ्या वेगळ्या ॲम्प्लिफायरमध्ये (ॲम्पमध्ये) ते सर्किट असतं, म्हणून त्याची ताकद खरोखर जास्त असते.

गिऱ्हाईक मात्र वॅटच विचारतं. आपले कान वॅटच्या हिशेबानं ऐकत नाहीत. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) चढतो, आणि गाणं चालू असताना तेवढा फरक जेमतेम जाणवतो. आवाज 'दुप्पट' वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणून स्पीकरच्या खोक्यावर वॅटपेक्षा त्याची संवेदनशीलता आधी पाहावी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. ८९ ऐवजी ९२ चा स्पीकर घेतला की त्याच डेकवर दुप्पट ताकदीचा ॲम्प लावल्यासारखं होतं, तेही फुकटात.

९२ डेसिबलच्या स्पीकरमध्येसुद्धा विजेचा जेमतेम एक टक्का आवाज होतो. बाकी ९९ टक्क्यांची उष्णता होते, आणि ती साठते तांब्याच्या बारीक कॉइलमध्ये. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध सुमारे ०.४ टक्क्यानं वाढतो. कॉइल सव्वाशे अंशांनी तापली तर रोध जवळजवळ दीडपट होतो आणि आवाज आपोआप दबतो. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून ६० अंशांच्या पुढे सहज तापते. तिथं कॉइलची सुरुवातच गरम असते.

जुने स्पीकर मरतात तेही बहुधा याच उन्हानं. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली रचना आजही तशीच आहे: चुंबकाच्या फटीत कॉइल, कॉइलला चिकटवलेला पडदा, आणि पडद्याला कडेनं धरून ठेवणारी लवचीक पट्टी. ही पट्टी फोमची असेल तर ऊन आणि दमट हवा मिळून दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा करतात. मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेवरचे लंबगोल स्पीकर तर दिवसभर उन्हातच असतात. बोट लावून पाहा, पट्टी चुरली की स्पीकर गेला. नवा घेताना रबरी पट्टीचा घ्या.

एवढं करूनही पुष्कळांची तक्रार राहते, "आवाज तं येऊन राह्यला, पन धमक नाही येत." हे दुखणं नव्या स्पीकरचं नसतं, दाराचं असतं. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन लहरी एकमेकींच्या उलट असतात. त्यांची गाठ पडली की फुटक्या बांधातून पाणी पलीकडे जावं तशी पुढची दाबलेली हवा मागे निघून जाते आणि दोन्हीकडे दाब सारखा होतो. उंच पट्टीच्या बारीक आवाजाचं यात फार बिघडत नाही, कारण २००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २००० वेळा थरथरणाऱ्या, लहरीची लांबी १७ सेंटिमीटरच असते. ५० हर्ट्झच्या ढोलाची लहर मात्र जवळपास सात मीटर लांब. तिच्यापुढे दारातलं वीतभर भोक म्हणजे उघडं फाटकच, त्यामुळे बेस, म्हणजे ढोलासारखा खालचा घुमणारा आवाज, जागच्या जागी विरतो.

दाराचं पॅनल उघडलं की ही भोकं दिसतात. आतल्या पत्र्याला मोठमोठ्या खिडक्या असतात आणि कंपनीनं त्यावर लावलेला प्लास्टिकचा कागद काचेचं मशीन दुरुस्त करताना मिस्त्रीनं केव्हाच फाडलेला असतो. ती भोकं बुजवा, स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये घट्ट रिंग बसवा आणि बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल रबराच्या जड पट्ट्या चिकटवा. या पट्ट्या पत्र्याची थरथर शोषून घेतात. माझं मत विचाराल तर, स्पीकरवर जेवढे पैसे घालाल तेवढेच दारावरही घाला. पैसे कमी असतील तर आधी दारावर. छपराच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून पुष्कळ जण तीच लावतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती मऊ पडून घसरते आणि गाडीभर डांबराचा वास सुटतो. रिंग एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, नको, पहिल्याच पावसाळ्यात ती फुगते. वॉटरप्रूफ प्लायला रंग देऊन वापरा. आणि दाराच्या तळाची बारीक भोकं चुकूनही बुजवू नका. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. बुजवलीत तर दार गंजेल.

हाच हवेचा खेळ उलट्या जोडणीतही होतो. एका दाराच्या स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल झाल्या तर एकाचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे येतो, आणि बेस गायब. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना लावून पाहा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक तारेला असेल तर पडदा बाहेर सरकतो.

बेस वाढवायला लोक डेकवरचं बटण फिरवतात. स्वर एक सप्तक खाली नेला, तर तेवढाच आवाज काढायला पडद्याला चौपट हलावं लागतं. १०० हर्ट्झवरून २५ वर आलो तर सोळापट. दारातला साडेसहा इंची स्पीकर ते करू शकत नाही, फक्त खडखडतो. उपाय उलटा आहे. डेकच्या सेटिंगमध्ये ८० हर्ट्झखालचा आवाज दारांकडे जाऊ न देणारा फिल्टर असेल तर तो चालू करा. दाराचे स्पीकर लगेच मोकळे वाजू लागतात. खालचा भाग बंद खोक्यातल्या वूफरकडे, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरकडे, द्या. लहान गाडीत एक सोय आयतीच मिळते. आतली लांबी अडीच मीटरच्या आसपास असल्यानं साधारण ७० हर्ट्झखाली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि बेस आपसूक चढतो. काचा उघडल्या की हा फायदा बराचसा जातो. एसी नसलेल्या गाडीत उन्हाळ्यात काचा खालीच असतात, तेव्हा जानेवारीत जुळवलेला वूफर एप्रिलमध्ये पोकळ वाटला तर दुकानदाराशी भांडू नका.

वेगळा ॲम्प लावणार असाल तर वायरमध्ये काटकसर नको. तांब्याच्या नावानं विकली जाणारी पुष्कळ वायर आतून ॲल्युमिनियमची असते आणि ती तांब्याच्या दोन तृतीयांशच वीज वाहते. चाकूनं खरवडा, आत पांढरं दिसलं की दुकानदाराला परत द्या. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण पत्र्याला घासून सोललेली वायर पेट घेते ती फ्यूजच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला. अर्थिंग, म्हणजे ॲम्पची उणे वायर, रंग खरवडून नागड्या पत्र्यावर घ्या. रेस दिली की स्पीकरमधून चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर ती अल्टरनेटरची, आणि बहुतेक वेळा कारण सैल किंवा गंजलेलं अर्थिंगच असतं. ते घट्ट करूनही शिट्टी थांबली नाही, तर डेककडून ॲम्पकडे जाणारी आवाजाची वायर बॅटरीच्या वायरशेजारून काढा आणि गाडीच्या दुसऱ्या अंगानं न्या.