साहिबगंजचा धक्का आणि गंगेचा गाळ

झारखंडात साहिबगंजला गंगेकाठी बांधलेल्या मालधक्क्याचं उद्घाटन सप्टेंबर 2019 मध्ये झालं. हल्दिया ते प्रयागराज या 1,620 किलोमीटरच्या राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 1 वरचं हे टर्मिनल. जेट्टी 270 मीटर लांब, क्षमता वर्षाला 30 लाख टन. माल मुख्यतः राजमहाल भागातला कोळसा आणि खडी. ही खडी आपल्या सह्याद्रीसारख्याच काळ्या बेसाल्टची, फक्त वयाने सुमारे पाच कोटी वर्षांनी थोरली.

जेट्टी सलग भिंतीसारखी न बांधता खांबांवर उभारतात, म्हणजे पुराचं पाणी खालून वाहून जातं. मात्र प्रत्येक खांबाभोवती भोवरे उठतात आणि तळाची वाळू उकरली जाते. म्हणून खांब बरेच खोल न्यावे लागतात. तरी माझ्या मते बांधकाम हा त्यातला सोपा भाग.

खरी मेख पाण्याच्या खोलीत. 80 मीटर लांब, 12 मीटर रुंद, सपाट बुडाचा बार्ज, म्हणजे मालवाहू नाव, घ्या. तो 10 सेंटीमीटर जास्त बुडाला की 96 घनमीटर पाणी बाजूला सारतो, म्हणजेच तेवढे टन जादा माल पेलतो. उलट वाटेत कुठे अर्धा मीटर पाणी कमी असेल, तर जवळपास 480 टन माल धक्क्यावरच ठेवावा लागतो. किती भरायचं हे ठरवतो वाटेतला सगळ्यात उथळ पट्टा. क्रेन कितीही दांडगी असो. म्हणूनच हल्दिया ते बिहारमधलं बाढ गाव या टप्प्यात किमान 3 मीटर खोलीचं उद्दिष्ट ठेवलंय.

गोव्यात मांडवी-जुवारीवरून लोहखनिजाचे बार्ज मुरगावला जायचे, त्यांच्या मदतीला भरती असायची. साहिबगंजपर्यंत भरती पोचत नाही. तिथे गंगा हिमालयाचा गाळ आणून टाकते आणि दरवर्षी पात्रातली वाट बदलते. ड्रेजरने उपसलेला खड्डा पुढच्या पुरात बुजूही शकतो.

त्यावर जुना, स्वस्त उपाय म्हणजे बंडालिंग. प्रवाहाला तिरपी अशी बांबूंची रांग रोवायची आणि वरच्या भागात चटया बांधायच्या; खालचा भाग मोकळा. वरचं पाणी चटयांना अडून मधल्या वाटेकडे वळतं, तिथे वेग वाढतो आणि तळ आपोआप खरवडला जातो. तळालगतचं गाळाचं पाणी मोकळ्या भागातून मागे जातं, मंदावतं आणि गाळ तिथेच बसतो.

साहिबगंजच्या वरच्या अंगाला, बिहारमध्ये, विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे. गंगेतला डॉल्फिन जवळजवळ आंधळा; आवाज सोडून प्रतिध्वनीवर मासे शोधतो. तिथे ड्रेजरची घरघर नकोच. जिथे बांबूंनी भागतं, तिथे बांबूच लावावेत.